एकतिसावं मिनिट

६ ऑगस्ट

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. काकांनी गुडघ्यासाठी आणून दिलेली काठी तू चालायला न वापरता काकांना ढोसायला वापरतेस, हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, लहानपणी ताईच्या हातात पट्टी असायची, आता काठी आली, एवढाच काय तो फरक. तुझे कान गेल्यापासून फोनवर नुसतंच ‘काय? काय?’ चालतं, त्यापेक्षा पत्रंच बरी. निदान तू मला मध्येच तोडत नाहीस.

तर बातमी अशी, की माझा पहिला स्वतःचा अभ्यासक्रम सुरू झाला. विद्यापीठाच्या ऑनलाइन विभागात येऊन मला दीड वर्ष झालं, पण इतके दिवस दुसऱ्यांच्या अभ्यासक्रमांच्या उत्तरपत्रिका तपासण्यातच गेले. आता संख्याशास्त्राची छत्तीस व्याख्यानं माझी. सहाशे चाळीस विद्यार्थी. फेब्रुवारीत माझं प्रोबेशन संपतं आणि नेमणूक कायम करायची की नाही ते याच कामावर ठरणार आहे.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे पूर्वीची जुन्या फायलींची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना करड्या रंगाच्या जाड चादरी ठोकल्या आहेत. मी एका तिरक्या काचेवर लिहिते आणि ते पडद्यावर उमटतं. समोर कॅमेऱ्याचा डोळा आणि त्याच्यामागे रेकॉर्डिंगवाले गृहस्थ. ते बोटांनी तीन, दोन, एक दाखवतात, की मी सुरू. संपल्यावर ते दर वेळी ‘छान’ म्हणतात. परवा मध्येच दिवे गेले आणि निम्मं व्याख्यान वाया गेलं, तेव्हाही ते ‘छान’च म्हणाले.

वर्गात कसं, मागच्या बाकावरचा एखादा कपाळाला आठ्या घालतो आणि आपण ओळखतो की गाडी घसरली. इथे आठ्या घालायला कुणी नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. तुला दुवा पाठवला आहे. ऐकू येणार नाही, पण खाली अक्षरं उमटतात. तू बघशील ना?

आईचा नमस्कार. काकांना माझा नमस्कार सांग आणि काठी लपवून ठेवायला सांग.

तुझी,
भिंगरी


२४ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पाच व्याख्यानं पाहिली. तुझे काका शेजारी बसतात. त्यांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, गणिताशी संबंध काटे आणि दात मोजण्यापुरता. म्हणून मी त्यांना तुझा सर्वसाधारण विद्यार्थी धरलं आहे. पहिल्या व्याख्यानात त्यांनी बाराव्या मिनिटाला मान टाकली, दुसऱ्यात अकराव्या, तिसऱ्यात पुन्हा बाराव्या. तेव्हा सांगायचं ते बाराव्या मिनिटाच्या आत सांग. बाकीचं माझ्यासारख्यांसाठी.

खाली उमटणारी अक्षरं कोण लिहितं? माणूस असेल तर त्याला भेटायचं आहे. तू ‘माध्य’ म्हणालीस की खाली ‘मद्य’ येतं. ‘चला, आता आपण मद्य काढू’ असं पडद्यावर आलं तेव्हा काका खडबडून जागे झाले. आणि उंची व वजन यांच्यात घट्ट ‘सासूसंबंध’ असतो, हे ज्ञान मला या वयात झालं. अक्षरांचा नाद सोडला आणि आता नुसती काच बघते. तू काय बोलतेस यापेक्षा काय लिहितेस, त्यावरच माझा सगळा भरवसा.

लिहितेस सुरेख. तुझा तो तिरपा बाण मला फार आवडला. एका चौकोनातून दुसऱ्यात जाताना सगळे आडवा बाण काढतात, तुझा उतरणीवरून पळाल्यासारखा जातो. लहानपणी तूही अशीच पळायचीस, उगाच नाही भिंगरी म्हणत.

भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं म्हणतेस. मी तेहतीस वर्षं फळ्याकडे तोंड करूनच बोलले की. मुलं पाठीमागे होती एवढंच. पण माझ्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू यायची, हे मात्र खरं. शंका विचारायची कुणाची छाती नव्हती आणि मला वाटतं, गरजही नव्हती.

काठी सापडत नाही. तूच त्यांना शिकवलंस ना?

तुझी,
मावशी


१९ ऑक्टोबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

काळजीचं कारण नाही, म्हणून आधीच सांगते: आईच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाली आणि तिला पहिली गोष्ट दिसली ती स्वयंपाकघराच्या छताला लागलेलं जाळं. तेव्हापासून मी केरसुणी घेऊन उभी आहे.

ऑपरेशनच्या दिवशीच एकोणिसावं व्याख्यान रेकॉर्ड करायचं होतं. खोली पुढे तीन आठवडे मिळणार नव्हती. सकाळी आईला दवाखान्यात सोडलं, धावत जाऊन एका दमात व्याख्यान उरकलं आणि तिला आत न्यायच्या आधी परत पोचले. पुन्हा पाहायला वेळ झाला नाही. रेकॉर्डिंगवाल्यांना विचारलं, तर त्यांचं उत्तर तुला ठाऊकच आहे.

आता अठरा, एकोणीस, वीस अशी तीन लागून आली आहेत. शक्यतेचा सगळा गाभा त्यांत आहे. बघ आणि खरं सांग. इथे खरं सांगणारं कुणी नाही गं. प्रश्नांच्या पानावर रोज पन्नास निरोप येतात, त्यातले पंचेचाळीस ‘परीक्षेत यातलं काय येणार’ असे. मी ते पान उघडायचंच सोडलं.

तुझ्या गुडघ्याबद्दल तू या वेळी काहीच लिहिलं नाहीस. न लिहिणं म्हणजे बरं असणं नव्हे, हे मला कळतं.

तुझी,
भिंगरी


१० नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या आईला जाळं दिसलं म्हणजे डोळा शंभर नंबरी झाला. तिला म्हणावं, आता आरशात जरा जपून बघ.

गुडघा आहे तसाच. जिने चढताना कुरकुरतो, उतरताना शिव्या देतो.

तिन्ही व्याख्यानं पाहिली. अठरावं उत्तम. विसाव्यात तू घाई केलीस, शेवटचं उदाहरण सोडून द्यायला हवं होतं, लोकांना श्वास घ्यायला जागा लागते. एकोणिसाव्यातलं कुलपांच्या कारखान्याचं उदाहरण चांगलं निवडलंस. हातात धरता येणारी वस्तू असली की माणसाला शक्यता कळते. अक्षरही त्या दिवशी फार सुंदर आलं आहे.

प्रश्नांचं पान उघडत जा. पंचेचाळीस जण काहीही विचारोत, उरलेल्या पाचांसाठी उघड.

थंडी पडू लागली आहे. काकांनी माझ्यासाठी खिडकीच्या फटी कागदाने बुजवल्या, आणि आता खिडकी उघडतच नाही.

तुझी,
मावशी


१२ जानेवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आज मन थाऱ्यावर नाही. परीक्षा झाली आणि नको ते निघालं.

उत्तरपत्रिका तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून जातात, ते एकमेकांशी जुळणारी उत्तरं वेगळी काढतं. आठव्या प्रश्नाला त्रेचाळीस जणांची उत्तरं तंतोतंत एक निघाली. प्रश्न साधा होता. हजार माणसं, त्यांतली दोनशे आजारी. तपासणी आजाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांना पकडते, पण धडधाकट आठशेंपैकी पाच टक्क्यांनाही चुकून आजारी ठरवते. तर जिला तपासणीने आजारी ठरवलं ती व्यक्ती खरंच आजारी असण्याची शक्यता किती? उत्तर ब्याऐंशी टक्के. या त्रेचाळीस जणांचं अठ्ठ्याहत्तर आहे. पाच टक्के आठशेंचे काढायचे, तर सगळ्यांनी हजारांचे काढलेत. चूक एक, पायऱ्या एक, चौकोनसुद्धा एकसारखे. बरोबर उत्तरं सारखी असणं समजू शकते, पण त्रेचाळीस जण एकाच दगडाला ठेचकाळतात?

परीक्षा समितीने सगळ्यांना नोटिसा पाठवल्या आहेत. नक्कल ठरली तर वर्षाची पूर्ण परीक्षा रद्द होते आणि तसा शेरा कायमचा राहतो. अभ्यासक्रमाची शिक्षक म्हणून अहवालावर माझी सही लागते. विभागप्रमुख म्हणाले, तुमच्या नेमणुकीचा कागदही त्याच आठवड्यात समितीपुढे आहे, तेव्हा हे प्रकरण नीटनेटकं संपवा.

मला रागापेक्षा वाईट जास्त वाटतंय. चादरी ठोकलेल्या खोलीत उभं राहून मी सहा महिने घसा कोरडा केला तो कशासाठी? २४ तारखेला सही करायची आहे.

आईने तुला कळवू नकोस म्हटलं होतं. पण तुला नाही लिहायचं तर कुणाला?

तुझी,
भिंगरी


१७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

काकांनी फोनवर निरोप दिला असेलच, की सही करू नकोस आणि पत्र येतंय. पुढचं त्यांच्या तोंडून सांगणं मला बरं वाटलं नाही.

एकोणिसावं व्याख्यान काढ. एकतिसावं मिनिट. हजार कुलपं, त्यांतली शंभर सदोष. तपासनीस सदोषांपैकी नव्वद बाजूला काढतो. मग चांगल्या कुलपांपैकी दहा टक्के चुकून बाजूला पडतात. चांगली कुलपं नऊशे. तू चौकोनात एक हजार लिहिलेस. नव्वदच्या जागी शंभर आले, आणि बाजूला काढलेलं कुलूप खरंच सदोष असण्याची शक्यता निम्मी यायची, ती सत्तेचाळीस टक्के आली.

त्या त्रेचाळीस जणांनी एकमेकांचं पाहिलेलं नाही. त्यांनी तुझं पाहिलं.

मला हे नोव्हेंबरपासून माहीत आहे. पाहताक्षणीच दिसलं होतं. तुला लिहिलं नाही. का ते सांगायला हा कागद पुरणार नाही, आणि आधी तुला तुझं काम करू दे.

मावशी


२१ जानेवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

काकांचा फोन आला तेव्हा मी ते मिनिट पाहूनच बसले होते.

आदल्या दिवशी एका विद्यार्थिनीचं पत्र आलं. ती रुग्णालयात परिचारिका आहे, दोन मुलींची आई, कामावर जाता-येता बसमध्ये व्याख्यानं बघते. तिलाही नोटीस गेली आहे. तिने लिहिलंय, की एकोणिसावं व्याख्यान तिने चार वेळा पाहिलं. छापील पुस्तिकेतलं उत्तर वेगळं येत होतं, तेव्हा ती छपाईची चूक असेल असं तिने धरलं, कारण मी स्वतः समोर लिहून दाखवत होते. ऑक्टोबरात तिने प्रश्नांच्या पानावर शंकाही विचारली होती. मी ते पान तेव्हा उघडत नव्हते. पत्राच्या शेवटी एकच ओळ होती: ‘मॅडम, मी कुणाची नक्कल केली असेल, तर ती तुमची.’

मग मी समितीचा अहवाल पुन्हा उघडला. त्रेचाळीस उत्तरपत्रिकांत चौकोनातून चौकोनात जाणारा तिरपा बाण आहे. आठ दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी माझाच बाण ओळखला नाही.

मी सही करणार नाही. समितीपुढे उभी राहून काय झालं ते सांगणार आहे. त्याचं जे व्हायचं ते होईल.

पण तुला एक विचारायचं आहे. मी तुला स्पष्ट लिहिलं होतं की खरं सांग. तू अक्षर सुंदर आल्याचं लिहिलंस. नोव्हेंबरात एक ओळ आली असती, तर अर्ध्या तासात दुरुस्ती झाली असती आणि त्रेचाळीस घरांत नोटीस गेली नसती. तुझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाची अशी चूक तू सोडली असतीस का?

काकांना नमस्कार.

भिंगरी


२७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

नसती सोडली. हे पहिलं उत्तर.

तू चौदा वर्षांची होतीस तेव्हाचं आठवतंय? घरात पाहुणे होते. मोठ्या कौतुकाने तू वही आणलीस आणि वर्तुळाचं कुठलंसं प्रमेय सगळ्यांना सिद्ध करून दाखवलंस. तिसऱ्या ओळीत चूक होती. मी सगळ्यांसमोर ती दाखवली. तू वही मिटलीस आणि दीड वर्ष माझ्याशी धड बोलली नाहीस. माझ्यासमोर गणिताचं पुस्तक उघडलं नाहीस. तुझी आई मला म्हणाली होती, ताई, पोरीचं गणित सुटलं तर ते तुझ्यामुळे. पुढे ते सुटलं नाही, पण त्या दिवशी मी कानाला खडा लावला, की तुझ्या वहीत न बोलावता बोट घालायचं नाही.

ही झाली लोकांना सांगायची गोष्ट. तुझ्या काकांनाही मी हीच सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली, चष्मा पुसला आणि कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवलं: ‘तिने या वेळी बोलावलं होतं.’

तेव्हा खरं कारण लिहिते. कान गेल्यापासून माझ्यापर्यंत फारशी माणसं पोचत नाहीत. लोक हात हलवतात, हसतात आणि निघून जातात. पुतण्यांना, भाच्यांना, जुन्या विद्यार्थ्यांना लिहायला वेळ नाही आणि मोठ्याने बोलायला धीर नाही. एक तू लिहितेस. नोव्हेंबरात पेन हातात घेतलं तेव्हा मनात आलं, पुन्हा दीड वर्ष गेलं तर? माझ्या वयाला दीड वर्ष म्हणजे काही थोडं नव्हे. वाटलं, छापील पुस्तिकेत बरोबर असणार, कुणी ना कुणी तिला सांगेलच. सहाशे चाळीस जण आहेत. मीच कशाला?

माझी पत्रं चालू राहावीत म्हणून मी त्रेचाळीस मुलांना चुकीचं शिकू दिलं. हिशेब मांडला तर इतकाच निघतो. माफ कर असं लिहिणार होते, पण ते आधी त्यांच्याकडे मागायला हवं.

समितीपुढे जाताना पोटात काहीतरी घालून जा. उपाशी पोटी तुझा आवाज चिरका होतो. ऐकू येत होतं तेव्हाचं सांगते.

उत्तर नाही आलं तरी समजेन.

मावशी


१६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला. रागावून नव्हे, म्हणजे पहिले आठ दिवस रागावूनच, नंतर काम होतं.

समितीची बैठक झाली. लांबलचक टेबल, पाण्याच्या सहा बाटल्या आणि पाच माणसं. अध्यक्ष रसायनशास्त्राचे प्राध्यापक. मी काही बोलण्याआधी पडद्यावर एकतिसावं मिनिट लावलं. तोंडाने मी ‘चांगली कुलपं’ म्हणतेय आणि हात ‘१०००’ लिहितोय, हे सगळ्यांनी पाहिलं. एक सभासद म्हणाले, हा योगायोग असेल, नक्कल झाली नाही हे यातून कसं ठरतं? मग मी तक्ता ठेवला. कुणी व्याख्यान कुठपर्यंत पाहिलं याची नोंद यंत्रात असते. सहाशे चाळीसांपैकी एकतिसाव्या मिनिटापर्यंत पोचले फक्त बावन्न. ते त्रेचाळीस जण सगळेच्या सगळे या बावन्नांतले. जे तिथवर पोचलेच नाहीत, अशा पाचशे अठ्ठ्याऐंशी जणांपैकी एकानेही ती चूक केली नाही. ते पुस्तिका वाचून परीक्षेला आले होते. बहुतेक जण बाराव्या मिनिटाच्या आसपास गळालेत, तुझे काका अगदी बरोबर होते.

म्हणजे ज्यांनी माझं शेवटपर्यंत ऐकलं, नेमक्या त्यांनाच आपण चोर ठरवत होतो, असं मी म्हणाले. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

नंतर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, की हे तोंडी सांगितलंत तेवढं पुरे, नोटिसा गुपचूप मागे घेऊ, तुमच्या नावाने कागद कशाला करता? सरळ माणूस आहे, त्यांना खरंच माझं बरं करायचं होतं. मी म्हटलं, त्रेचाळीस जणांना नोटीस लेखी गेली, तर माझी चूकही लेखीच जाऊ दे. पत्र लिहिलं, सही केली. आठव्या प्रश्नाचे गुण त्यांना पूर्ण मिळाले. माझी कायम नेमणूक एक वर्ष पुढे गेली. आईने दोन दिवस विभागप्रमुखांच्या नावाने बोटं मोडली, आता थांबली आहे.

परिचारिकेने उलट पत्र पाठवलं. धन्यवाद वगैरे काही नाही. तेविसाव्या व्याख्यानातली एक शंका विचारली आहे. मला फार बरं वाटलं. प्रश्नांचं पान आता रोज सकाळी उघडते.

आता तुझं. तू वीस वर्षं एक गोष्ट चुकीची धरून बसली आहेस. त्या दिवशी तू चूक दाखवलीस याचा मला राग नव्हता. चूक होतीच. ती मी त्याच संध्याकाळी सुधारली, ते पान अजून आहे. राग याचा होता, की सगळे पाहुणे हसले आणि तूही हसलीस. मी वर पाहिलं तेव्हा तू तोंडावर पदर धरला होतास. बोलले नाही ती त्यामुळे. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणून पहिली दुसरीचं कारण होत नाही, हे मी पहिल्या आठवड्यात शिकवते. तू ते व्याख्यान पाहिलं आहेस.

हे मी कधी बोलले नाही, तेव्हा तुला कळणार कुठून? त्यात माझंही चुकलंच.

आणि उत्तर आलं नाही तरी समजेन असं पुन्हा लिहू नकोस. एकोणिसावं व्याख्यान मी पुसलं नाही. त्याच्या पुढे सहा मिनिटं जोडली आहेत, त्यांत मी कुठे चुकले ते काचेवर लिहून दाखवते. आता उरलेली पस्तीस तू पुन्हा बघ आणि मिनिटं टाकून चुका लिहून पाठव. अक्षराची तारीफ नको.

तुझी,
भिंगरी


२० मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पस्तीसही पाहिली. कागद जवळ घे.

व्याख्यान ४, मिनिट ९: बेरजेत एक पद सुटलं आहे. व्याख्यान ११, मिनिट २२: आलेखाच्या आडव्या अक्षावरचे आकडे सारख्या अंतरावर नाहीत, डोळ्यांना फसवतात. व्याख्यान १४: उदाहरणातला ‘सरासरी माणूस’ दर वेळी पुरुषच का आहे? ही चूक नव्हे, पण परिचारिका बघते आहे. व्याख्यान ३०, मिनिट १७: वर्गमुळाच्या चिन्हाखाली ऋण संख्या आली आहे. ही मोठी आहे, आजच्या आज दुरुस्त कर.

आणि सव्विसावं. तिथे तू सांगतेस, की तीन घटनांपैकी कुठल्याही दोन घेतल्या तरी त्यांचं एकमेकींशी काही देणंघेणं नसलं, तरी तिघी मिळून स्वतंत्र असतीलच असं नाही. मी वहीत लाल शाईने ‘साफ चूक’ असं लिहिलं आणि तीन पानं खरडली. जमेना. मग काकांना बसवलं, दोन नाणी दिली आणि दुपारभर उडवायला लावली. पहिल्यावर छाप पडणं ही एक घटना, दुसऱ्यावर छाप पडणं ही दुसरी, दोन्हींवर सारखंच पडणं ही तिसरी. कुठल्याही दोन घे, एकीवरून दुसरीचा पत्ता लागत नाही. पण दोन कळल्या की तिसरी हातात आलीच. काकांना ते पाचव्या मिनिटाला दिसलं. मला तिसऱ्या दिवशी.

तू बरोबर आहेस. मी तेहतीस वर्षं उलटं शिकवलं. दर वर्षी, त्याच फळ्यावर, त्याच जागी. सुमारे अडीच हजार मुलं त्या वर्गातून गेली. त्यांतल्या पाचदहांना तरी कळलं असणार. काही माझ्याहून हुशार होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. एकानेही हात वर केला नाही. माझ्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू यायची, असं मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ती शांतता कसली होती ते आता या वयात कळतंय, आणि तेही कान गेल्यावर.

पदराचं मला आठवत नाही. पण तू पाहिलंस म्हणतेस, तर मी हसले असणार. तू वर बघितलंस तेव्हा मी तुझ्याकडे बघायला हवं होतं. माझं चुकलं, बाळा.

एका जुन्या विद्यार्थ्याचा पत्ता मिळवला आहे. तो आता स्वतः प्राध्यापक आहे. सव्विसाव्याबद्दल त्याला आज पत्र टाकलं, त्याच्या वर्गात तरी ते पुढे जाऊ नये म्हणून. आणखी दोघांचे पत्ते काका शोधत आहेत.

पुढची व्याख्यानं तयार झाली की लगेच पाठव. तुझ्या आईला आशीर्वाद. लोभ आहेच, तो असाच राहू दे, आणि या पत्रात काही चुकलं असेल तर उलट टपाली कळव.

तुझी,
मावशी